श्वासाचा नेम : कातारी, गुराखी आणि कारकून



आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाने वसंतातल्या या व्यासपीठावर येऊन श्वासाबद्दल बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. कामगार संघटनेचा माणूस म्हटला की त्याने बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे अशी रीत आहे. ती रीत आम्ही तीस वर्षे पाळली. आज मात्र आपली परवानगी घेऊन जरा वेगळ्या वाटेने जावे म्हणतो. ती वाट शेवटी कारखान्याच्या फाटकाशीच येते, हे ऐकल्यावर आपल्याला कळेल.

तसे पाहिले तर आमच्या धंद्याची भाषाच श्वासाची आहे. ‘दम’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ श्वास. मालक दम देतो, पुढारी दम धरायला सांगतो, पाळी संपली की कामगार दम खातो आणि म्हातारपणी त्याला दमा होतो. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 च्या 10 जूनपासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. तीही एका अर्थी आठवड्यातून एकदा दम खाण्याची सोयच होती.

आता थोडा हिशेब पाहू. माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला सुमारे पंधरा श्वास घेतो असे धरले, तर दिवसाचे 21,600 होतात. योगमार्गातील जुन्या मंडळींनीही अहोरात्रीच्या श्वासांचा हाच आकडा दिला आहे. आठ तासांच्या पाळीत त्यांतले 7,200 जातात. अंगमेहनतीचे काम असेल तर त्याहून पुष्कळ अधिक. इतक्या श्वासांपैकी किती श्वास आपण घेतो आहोत हे आपल्याला ठाऊक असते? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर बहुतेक दिवशी एकही नाही. रोज त्यांतले थोडे तरी जाणून घ्यायचे आणि हा नेम वर्षानुवर्षे चालवायचा, एवढाच आमचा आजचा विषय आहे. हा नेम कुठून आला, कोणाच्या हातांतून आला आणि आमच्यासारख्या माणसाला त्याचे काय करता आले, हे सांगावयाचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. श्वास म्हटला की आपल्याकडे लगेच प्राणायाम आठवतो. प्राणायामात श्वास आवरायचा, लांबवायचा, रोखायचा असतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याची प्रयोगशाळेत तपासणी आरंभली, ती गोष्ट स्वतंत्र आणि मोठी आहे. आम्ही सांगतो त्या अभ्यासात श्वासाला हात लावायचा नसतो. तो लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे, एवढेच जाणायचे. पाली ग्रंथांत याला आनापानसती म्हणतात. ‘आन’ आणि ‘अपान’ म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास, आणि ‘सती’ म्हणजे स्मृती किंवा जागरूकता.

आमची याच्याशी ओळख झाली ती एका उपमेमुळे. आम्ही शाळा नववीत सोडली आणि लेथवर टर्नर झालो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांनी केले. रात्रपाळी संपवून एका सकाळी वाचनालयात बसलो असता सतिपट्ठान सुत्ताचे भाषांतर हाती आले. कुरुदेशात बुद्धांनी भिक्षूंना हा उपदेश केला असे त्यात सांगितले आहे. श्वास कसा जाणावा हे समजावताना त्यांनी दाखला दिला आहे तो एका कातार्‍याचा. कुशल कातारी किंवा त्याचा उमेदवार लाकूड फिरवताना लांब ओढ घेत असेल तर ती लांब आहे हे जाणतो, आखूड घेत असेल तर आखूड आहे हे जाणतो, तसाच साधकाने आपला श्वास जाणावा, असा त्याचा आशय आहे.

आम्ही ते पान दोनदा वाचले. राजे, ब्राह्मण आणि श्रेष्ठी यांनी भरलेल्या त्या काळात गुरूने आदर्श म्हणून निवडला तो हत्यार चालवणारा माणूस! आणि दाखला अगदी चोख आहे. ज्याने लेथ चालवला आहे त्याला ठाऊक असते की टूल जॉबला लागले की कट खोल जातो आहे की उथळ, हे हाताला आणि कानाला आपोआप कळते. त्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही. पण लक्ष मात्र एक क्षणही हलवता येत नाही, हलले तर जॉब वाया जातो, कधी बोटही जाते. धर्मग्रंथात आमच्या धंद्यातला माणूस भेटेल अशी आमची कल्पना नव्हती.

पुढे शोध घेतला तेव्हा दिसले की ही एकट्या कातार्‍याची गोष्ट नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोष नावाचे आचार्य सिंहलद्वीपात अनुराधपूरच्या महाविहारात राहिले आणि त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा थोर ग्रंथ रचला. त्यात श्वासाच्या अभ्यासाचा विस्तार आहे आणि पावलोपावली कष्टकरी माणसे भेटतात. श्वास मोजायचा तो आधी धान्य मापणार्‍या मापाड्यासारखा सावकाश मोजावा, असे तो ग्रंथ सांगतो. हात बसला की मग गुराख्यासारखा मोजावा. गोठ्याच्या दाराशी बसलेला गुराखी बाहेर पडणारी गुरे भराभर मोजतो, एकही चुकवत नाही. लक्ष नाकाच्या टोकाशी कसे ठेवावे, तर करवत चालवणार्‍यासारखे. त्याचे ध्यान करवतीचे दात लाकडाला लागतात त्या जागेवर असते. येणार्‍या-जाणार्‍या दातांमागे तो नजर फिरवीत नाही. तसेच, वेशीवरचा द्वारपाळ दाराशी आलेल्यालाच तपासतो. गावात कोण फिरते आहे आणि गावाबाहेर कोण आहे, याची चौकशी करीत बसत नाही.

मोजण्याचा नियमही मोठा व्यवहारी आहे. पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबले तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखे मन धडपडते. दहाच्या पुढे गेले तर लक्ष श्वासावरून सुटून आकड्यावर बसते. हा नियम ज्याने केला त्याने माणसाचे मन नुसते वर्णिले नाही, रोज वापरून पाहिले होते, असे आम्हांस वाटते.

आता हे सगळे दूरदेशीचे आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांकडे जाऊ. सुटीच्या दिवशी आपण मुलाबाळांना घेऊन तिथे जातो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने हे लेणे संघाला दिले आणि 3,000 कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती कोणाकडे ठेवली? गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन निकायांकडे, म्हणजे कोष्ट्यांच्या संघांकडे. 2,000 वर दरमहा शेकडा एक आणि 1,000 वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याजच वापरायचे. 2,000 चे वर्षाचे व्याज 240 होते. लेण्यात वर्षावास करणार्‍या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे, म्हणजे तेही 240. जमाखर्च तंतोतंत जुळतो!

आम्ही संघटनेचे हिशेब तपासणारे असल्याने या शिलालेखापुढे बराच वेळ उभे राहिलो. विणकरांच्या त्या संघास आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणता येणार नाही. तो कारागिरांचा आणि पेढीचा असा मिश्र कारभार होता. पण पावसाळ्याचे महिने एका जागी बसून जो अभ्यास करायचा, त्याच्या अंगावरचे वस्त्र विणकरांच्या मागांमधून येत होते, एवढे दगडात कोरलेले आहे. तिकडे कार्ल्यास चैत्यगृहाचे दार करून देणारा धेनुकाकटचा सुतार सामी याचेही नाव कोरलेले आहे. शांत बसण्यामागे कोणाचे तरी कष्ट असतात, हे त्या काळच्या लोकांनी लपवून ठेवले नाही.

पुढे आपल्या देशात ही लेणी ओस पडली आणि पाली ग्रंथ आपल्या विस्मरणात गेले. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि सयाम यांनी ते जपले. मराठी माणसाला ते परत आणून देणार्‍यांत पहिले नाव घ्यायचे ते धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातल्या साखवाळ गावी 1876 साली त्यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम झाले होते. 1899 साली बुद्धाचा धर्म शिकायचा एवढाच निश्चय करून ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी आणि नेपाळ असे फिरत, पुष्कळदा अर्धपोटी राहून, ते 1902 साली सिंहलद्वीपास पोहोचले. पुढे ब्रह्मदेशात सगाईंगच्या टेकड्यांत ञाणतिलोक नावाच्या जर्मन भिक्षूबरोबर राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. ज्या ‘विसुद्धिमग्गा’तून आम्ही गुराख्याचा दाखला सांगितला, त्याच ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले, आणि त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 साली मुंबईत प्रसिद्ध झाली. ‘समाधिमार्ग’ या छोट्या पुस्तकात त्यांनी हा सारा अभ्यास सामान्य वाचकांसाठी सोप्या भाषेत उतरवला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि पुढे परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहारात जाऊन राहिले. ध्यान करणारा माणूस गिरणगावात राहायला गेला, हे आमच्या मंडळींनी विसरू नये.

आता ब्रह्मदेशाकडे वळले पाहिजे. कारण श्वासाचा हा अभ्यास विहाराच्या भिंतीबाहेर पडून संसारी माणसाच्या दिनक्रमात आला तो मुख्यतः तिथे. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मी राजा गेला. राजाश्रय गेल्यावर धर्म टिकायचा कसा, असा प्रश्न भिक्षूंपुढे उभा राहिला. लेडी सयाडो (1846–1923) या विद्वान भिक्षूंनी त्याचे उत्तर असे दिले की धर्म आता गृहस्थांनी सांभाळावा. त्यांनी गावोगाव फिरून व्याख्याने दिली, साध्या भाषेत पुस्तके लिहिली, आनापानावरही एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि शेतकर्‍यांना व बाजारातल्या माणसांना अभ्यास शिकवला. पूर्वी जे बहुधा वनात राहणार्‍या भिक्षूचे काम समजले जाई, ते त्यांनी घराघरांत नेले.

त्यांचे एक शिष्य सया तेजी (1873–1945) हे रंगूनजवळ नदीपलीकडच्या खेड्यातले शेतकरी. शिक्षण विहारातल्या शाळेपुरते, तरुणपणी भाताच्या गिरणीत नोकरी. 1903 च्या पटकीच्या साथीत त्यांचा मुलगा आणि मुलगी गेली. त्या दुःखात ते घर सोडून या अभ्यासाकडे वळले आणि अनेक वर्षांनी लेडी सयाडोंनी त्यांनाच शिकवण्याची आज्ञा केली. पांडित्य नसलेला शेतकरी गुरू झाला, याचे त्या वेळी अनेकांना आश्चर्य वाटले असेल.

या शेतकर्‍याकडे 1937 च्या जानेवारीत एक कारकुनी पेशातला माणूस आला. त्याचे नाव ऊ बा खिन. 1899 साली रंगूनच्या कष्टकरी वस्तीत जन्म. हुशार असूनही घरच्या ओढाताणीमुळे शिक्षण सोडून आधी एका वर्तमानपत्रात आणि मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी. कोणीतरी आनापान समजावून सांगितले, याने लगेच करून पाहिले, आणि आठवड्याभरात कचेरीतून सुटी काढून नदीपलीकडे गेला. पुढे हा माणूस कचेरीत चढत गेला. 1948 च्या 4 जानेवारीस ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी तो देशाचा अकाउंटंट जनरल झाला. पण नेम सुटला नाही. त्याने कचेरीतच एक खोली अभ्यासासाठी ठेवली आणि हाताखालच्या नोकरांना शिकवले. 1952 साली रंगूनला ध्यानकेंद्र काढले, 1967 पर्यंत सरकारी नोकरी केली आणि 1971 साली तो वारला. म्हणजे तीस वर्षे फायली, लाल पट्टी, वरिष्ठ आणि कनिष्ठ या सगळ्यांच्या मध्ये बसून त्याने हा नेम चालवला. जंगलात राहून अभ्यास करणे सोपे म्हणता येणार नाही, पण कचेरीत करणे त्याहून अवघड, हे नोकरी केलेला कोणीही कबूल करील.

मात्र इतिहास सांगायचा तर सोयीचा तेवढाच सांगून चालणार नाही. त्याच रंगूनमध्ये 1930 च्या मे महिन्यात गोदीतल्या तेलुगू हमालांनी संप केला. मालकांनी त्यांच्या जागी ब्रह्मी मजूर घेतले. मग तेलुगू हमालांशी तडजोड करून ब्रह्मी मजुरांना काढून टाकले. दोन्ही बाजूंचे गरीब एकमेकांवर तुटून पडले आणि शहरात मोठा रक्तपात झाला. नदीच्या एका काठाला श्वास जाणणारे होते आणि दुसर्‍या काठाला हे घडत होते. ध्यानाने जग आपोआप सुधारते असे जे सांगतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मजुरांची एक संघटना असती तर जे टळले असते, ते एकट्याच्या ध्यानाने टळणारे नव्हते.

ऊ बा खिन यांच्याकडे 1955 साली आलेला एक शिष्य म्हणजे सत्यनारायण गोयंका. मंडालेत जन्मलेले मारवाडी कारखानदार, डोकेदुखीने हैराण. पुढे लष्करी राजवटीने त्यांचे उद्योग सरकारजमा केले. 1969 साली ते भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांचे पहिले शिबिर झाले. 1976 पासून आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीस धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. घाट चढून आलेली गाडी जिथे दम घेते त्याच गावी माणसेही श्वास पाहायला येऊ लागली, याची आम्हांस गंमत वाटते. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो. 1994 साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारावर कैद्यांनी हे शिबिर केले. गोयंका 2013 साली वारले. कारखानदाराच्या हातून आम्ही काही घ्यावे हे आमच्या काही सहकार्‍यांना रुचत नाही. पण वर पाहिले तर ही गोष्ट कातार्‍यापासून शेतकर्‍यापर्यंत आणि कारकुनापर्यंत किती हातांतून आली आहे! एका हातावर रुसून सगळी परंपरा सोडण्यात अर्थ नाही.

आता थोडे स्वतःविषयी. 2010 च्या पावसाळ्यात एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. समोरच्या अधिकार्‍याने आमच्या एका सभासदाविषयी अपशब्द काढला. आम्ही टेबलावर हात आपटून उठलो, फाटकावर जाऊन तापलेल्या डोक्याने भाषण केले, आणि दुसर्‍या दिवशी माणसांनी नोटीस न देता काम बंद केले. मालकाला तेच हवे होते. सात जण निलंबित झाले. त्यांना परत घ्यायला चौदा महिने लागले. त्यांतल्या एकाच्या मुलीचे कॉलेज त्या वर्षी सुटले ते सुटलेच. तिचा बाप आम्हांस कधी एका शब्दाने बोलला नाही. त्याचे ते न बोलणे आजही आम्हांस ऐकू येते.

राग चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणत नाही. अपशब्द ऐकून राग आलाच पाहिजे. पण त्या दिवशी तो आला कधी आणि आम्हांस घेऊन गेला कधी, हे आम्हांस कळलेच नाही. लेथवर असे झाले असते तर बोट गेले असते. इथे बोटे सात जणांची गेली.

तेव्हा वाचनालयातला कातारी आठवला. 2011 च्या गुढीपाडव्याला आम्ही संकल्प केला की रोज पहाटे एक तास बसायचे. तो एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी पहाटेपर्यंत सभा चालली आणि मोडला. पुन्हा दिवाळीत धरला, तो थंडीत मोडला. तिसर्‍यांदा आई आजारी पडली आणि मोडला. पाली ग्रंथांत निश्चयाला अधिष्ठान म्हणतात. आमच्या ध्यानात आले की आमच्या अधिष्ठानात अभिमान फार होता. पंढरीची माळ घातलेला वारकरी आमच्या शेजारीच राहत होता. त्याला विचारले, तुमचा नेम चाळीस वर्षे कसा टिकला? तो म्हणाला, “दादा, झेपेल तेवढाच धरला, आन चुकला त्या दिवशी रडत बसलो नाही.”

मग आम्ही बुद्धघोषांचा आकडा घेतला. दहा श्वास, अधिक नाही. ते कुठे घ्यायचे हेही ठरवून टाकले. सकाळी संघटनेच्या कचेरीचे शटर उघडण्यापूर्वी दहा, बोलणी करायच्या खोलीच्या दाराशी दहा, आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकण्यापूर्वी दहा. मध्येच मन पळाले तर पुन्हा एकपासून. दिवस चुकला तर दुसर्‍या दिवशी पुन्हा एकपासून. सुरुवातीला दहापर्यंत धड पोहोचता येत नसे. चारावर कोर्टाची तारीख आठवायची, सहावर वर्गणीची थकबाकी. आता तेव्हापासून बारा वर्षे उलटून गेली. चमत्कार कोणताही झाला नाही. राग अजून येतो. फरक पडला असेल तर एवढाच की तो येताना दिसतो. छाती आवळते, श्वास आखूड होतो, आणि द्वारपाळाला पाहुणा ओळखू येतो. मग त्याला आत घ्यायचे की बाहेर बसवायचे हे ठरवायला दोन क्षण मिळतात. वाटाघाटीत दोन क्षण फार असतात.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की मग कारखान्या-कारखान्यांत हेच शिकवावे. इथे आम्हांस थांबून स्पष्ट बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही बफिंग खात्यात धूळ ओढून घेणारे पंखे मागत होतो. व्यवस्थापनाने पंखे दिले नाहीत. मनाची शांती शिकवणारा एक प्रशिक्षक आणला. त्याने धुळीच्या त्याच खात्यातल्या माणसांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितले. एक जुना कामगार उठला आणि म्हणाला, “साहेब, खोल घ्यायचा तर आधी हवा द्या.”

आम्हांस त्या वेळी आमचे वडील आठवले. ते मुंबईच्या एका गिरणीत ब्लोरूममध्ये होते, जिथे कापसाच्या गाठी फोडतात आणि तंतू हवेत भरून राहतात. सुतीच्या धुळीने होणार्‍या छातीच्या विकाराची खूण अशी की साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. 1982 च्या 18 जानेवारीस गिरणी संप सुरू झाला, तो लांबला, आणि वडील गावी परत आले ते कायमचे. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. रात्री ते खाटेच्या कडेला पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसत आणि एकेक श्वास ओढून घेत. श्वासाची जाणीव त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. ज्याला हवा पुरत नाही त्याला प्रत्येक श्वास कळतोच.

म्हणून आमचा सहकारी जेव्हा विचारतो की ध्यान आणि चळवळ यांची सांगड कशी घालता, तेव्हा आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे बोट दाखवतो. 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष काढणारे, 1938 च्या 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईच्या कामगारांच्या संपात पुढे असणारे, 1954 साली रंगूनच्या बौद्ध परिषदेस जाणारे आणि 1956 साली नागपुरात धम्म स्वीकारणारे बाबासाहेब एकच होते. धम्माचा पाया त्यांनी माणसामाणसांतल्या न्याय्य संबंधांत पाहिला. आम्ही त्यातून आमच्यापुरता असा अर्थ घेतला की श्वास पाहणे हे ज्याचे त्याने करायचे काम आहे, आणि श्वासाला स्वच्छ हवा मिळवणे हे सगळ्यांनी मिळून करायचे काम आहे. पहिले काम दुसर्‍याच्या बदल्यात कोणी देऊ केले तर ते घेऊ नये. बफिंग खात्यातले पंखे पुढे दोन वर्षांनी बसले. त्या दोन वर्षांतल्या प्रत्येक बैठकीआधी आम्ही दाराशी उभे राहून दहा श्वास मोजले, आणि एकदाही टेबलावर हात आपटला नाही. मागणी मात्र एका शब्दानेही कमी केली नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाला हा नेम धरायचा असेल तर त्यासाठी सामग्री काही लागत नाही. आसन नको, गुरूला दक्षिणा नको, घरच्यांना सांगायचीही गरज नाही. रोज हमखास जी गोष्ट आपण करतो, कुलूप उघडणे असेल, चूल पेटवणे असेल किंवा बसची वाट पाहणे असेल, तिच्या आधी दहा श्वास ठेवावेत. ते लांबवू नयेत, आवरू नयेत. मापाड्याने मापे टाकावीत तसे सावकाश मोजावेत. पहिल्या महिन्यात काही मिळाले नाही म्हणून सोडू नये, कारण गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवलेली ती ठेवही व्याजावर चालत होती, आणि व्याजाला वेळ लागतो.

आमची वेळ संपत आली आहे. उद्या सकाळी दहा वाजता एका कारखान्यात कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बैठक आहे. आम्ही पावणेदहाला दाराशी असू.